दोन रुपयांची कुरकुर

वडापावच्या गाडीवर भाववाढ जाहीर करण्याची एक ठरलेली रीत आहे. पत्र्याच्या पाटीवर ऑइलपेंटने रंगवलेला जुना आकडा कोणी खोडत नाही. त्याच्यावर वहीच्या कागदाचा चौकोन चिकटतो आणि बॉलपेनने गिरवून गिरवून नवा आकडा लिहिला जातो. पावसाळ्यात कागद ओला होऊन सुटला की खालचे थर उघडे पडतात. वीसच्या खाली अठरा, त्याखाली पंधरा, आणि अगदी तळाला पेंटरच्या हातचा वळणदार बारा. कागद लावण्याआधी आठवडाभर मालक रोजच्या गिऱ्हाइकांच्या कानावर घालत असतो, "सोमवारपासून दोन रुपये वाढवतोय हां, दादा. तेल परवडत नाही." हे सांगताना त्याचा आवाज उसने मागायला आल्यासारखा पडलेला असतो. आणि दादांचं उत्तर कुठल्याही नाक्यावर गेलात तरी एकच, "काय राव, परत?"

मग पुढचे चार दिवस गाडीभोवती त्याच गप्पा. पूर्वी केवढ्याला मिळायचा. वडा बघा केवढा झालाय, लिंबाएवढा. यांचं काय जातंय, रोजचे दहा हजार सुटतात, गावाला बंगला बांधलाय. गावच्या बंगल्याची ही गोष्ट मी दादरला ऐकली आहे, ठाण्याला ऐकली आहे, नाशिकला सीबीएस बसस्थानकाच्या बाहेरही ऐकली आहे. बंगला दर वेळी दुमजली असतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस मात्र अजून भेटलेला नाही.

आता २०२५ साल घ्या. १ फेब्रुवारीला मुंबई महानगरात रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं, टॅक्सीचं २८ वरून ३१. १ मे रोजी अमूलचं दूध लिटरमागे दोन रुपयांनी चढलं. ९ मे रोजी 'बेस्ट'ने साध्या बसचं किमान तिकीट पाचावरून दहावर नेलं, म्हणजे एका सकाळीत दुप्पट. बातम्या झाल्या, निषेधाची पत्रकं निघाली, आणि दुसऱ्या दिवशी लोक सुटे दहा रुपये हातात धरून बसच्या रांगेत उभे राहिले. कंडक्टरला कोणी गावच्या बंगल्याबद्दल विचारलं नाही.

कारण उघड आहे. रिक्षाचं भाडं कसं ठरावं यासाठी आधी हकीम समिती होती, नंतर खटुआ समिती आली. गाडीची किंमत, इंधन, देखभाल, विमा, राहणीमानाचा खर्च असं सगळं सूत्रात बसवून आकडा काढतात, परिवहन प्राधिकरणाच्या बैठकीत तो मंजूर होतो, मीटरमध्ये चढतो. त्यानंतर रिक्षावाल्याशी वाद घालून उपयोग नसतो, हे आपल्याला ठाऊक असतं. वडापाववाल्याला खटुआ समिती नाही. त्याचं दरपत्रक मंजूर करणारं मंडळ म्हणजे गाडीसमोर पाकीट चाचपत उभी असलेली दहा माणसं, आणि त्या मंडळाची बैठक रोज भरते.

* * *

वडापाव स्वस्तच असला पाहिजे, ही आपली समजूत काही हवेतून आलेली नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून द्यायला सुरुवात केली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याच परिसरातल्या सुधाकर म्हात्रे यांचंही नाव घेतलं जातं. श्रेय कोणाचंही असो, जागा आणि वेळ महत्त्वाची. परळ, लालबाग, वरळी, प्रभादेवी हा गिरण्यांचा पट्टा हाकेच्या अंतरावर. पाळी सुटायची, पाळी भरायची, मधे लोकल पकडायची. बसायला वेळ नाही, ताटवाटीला जागा नाही, खिशात मोजके पैसे. एका हातात दांडा धरून दुसऱ्या हाताने खाता येईल आणि पुढचे चार तास पोट धरून ठेवेल असं काहीतरी हवं होतं. पोर्तुगिजांकडून आलेला पाव आणि त्यांच्याचकडून आलेला बटाटा यांनी ते काम केलं.

त्याच वर्षी शिवसेना स्थापन झाली. उडप्यांच्या हॉटेलांकडे बोट दाखवून मराठी पोरांना 'धंद्यात उतरा' म्हणणाऱ्या पक्षाला वडापावची गाडी सोयीची वाटली, यात नवल नाही. भांडवल थोडं, शिक्षणाची अट नाही, घरातली बाई वडे वळणार आणि घरातला पोरगा गाडीवर उभा राहणार. पुढे २००८-०९ मध्ये 'शिववडा' नावाने पक्षाने त्याचं रीतसर ब्रँडिंगही केलं.

पण या पदार्थाला खरा धक्का आणि खरा पसारा दिला तो १८ जानेवारी १९८२ ने. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातले बहुतेक कामावर परतलेच नाहीत. ज्या घरांत महिन्याचा पगार बंद झाला त्यातल्या अनेक घरांतल्या कढया रस्त्यावर आल्या. काल गिरणीच्या दारात उभा राहून वडापाव खाणारा माणूस आज त्याच दारात वडे तळू लागला. घेणारा आणि विकणारा एकाच चाळीतले, एकाच किराणा दुकानातल्या वहीत दोघांचीही उधारी. अशा वेळी भाव चार-आठ आण्यांनी वाढवणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातून घेणं. तो भाव परस्परांच्या समजुतीने खाली राहिला होता. कोणी कोणावर उपकार करत नव्हतं.

पुढच्या चाळीस वर्षांत या समजुतीतला एक पक्ष हलला. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, मॉल आले, कॉर्पोरेट कचेऱ्या आल्या. आज लोअर परळच्या गाडीवर वडापाव खाणाऱ्यांत गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला माणूस सहज असतो. गाडीवरचा माणूस मात्र बहुतेक वेळा तिथेच आहे. किंवा तो गेला आणि त्याच्या जागी जौनपूरचा, दरभंग्याचा, सिंधुदुर्गाचा नवा माणूस त्याच मिळकतीवर उभा आहे. घेणाऱ्याची ऐपत बदलली तरी जुना करार मात्र त्याला जसाच्या तसा हवा आहे. माझ्या मते सगळ्या कुरकुरीची गोम इथे आहे. 'गरिबाचं खाणं' म्हणून वडापावचे गोडवे गाणाऱ्यांत आता गरीब फारसे उरलेले नाहीत, आणि भाव वाढला की सर्वांत आधी आवाज येतो तोही बहुतेक वेळा त्याच गोडवे गाणाऱ्यांचा.

हाच माणूस मल्टिप्लेक्समध्ये काय करतो, ते आपण पाहिलेलं आहे. २०१८ मध्ये पॉपकॉर्नच्या भावावरून महाराष्ट्रात आंदोलन झालं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, मंत्र्यांनी बाहेरचे पदार्थ आत नेता येतील असं सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र, चित्रपटगृह ही मालकाची खाजगी जागा आहे, बाहेरचं खाणं रोखण्याचा त्याला अधिकार आहे, असा निर्वाळा दिला. त्यानंतर पॉपकॉर्नच्या टबाचे पैसे आपण निमूट मोजतो. वडापावच्या साखळी दुकानांतही तेच. जंबोकिंग २००१ मध्ये मालाडला निघालं, गोली २००४ मध्ये कल्याणला. तिथे बिल छापून येतं, काउंटरवरचा मुलगा टोपी घालतो, आणि भाव वाढला तर लोक मेन्यूकडे बघून दुसरा पर्याय निवडतात. "काय राव, परत?" असं त्या टोपीला कोणी म्हणत नाही.

* * *

आता हिशेब. खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत. तुमच्या नाक्यावर शंभर-दोनशे इकडचे तिकडे होतील, मांडणी तीच राहील.

समजा एक मध्यम गाडी आहे. मोक्याची नाही, अगदीच आडबाजूचीही नाही. दिवसाला तीनशे वडापाव जातात आणि भाव पंधरा रुपये. गल्ल्यात आले साडेचार हजार. यातले तीनशे पाव तीन रुपयांच्या हिशेबाने नऊशेचे. सोळा किलो बटाटा, साडेचारशे. चार किलो बेसन, चारशे. वडे जेवढं तेल पितात तेवढंच धरलं तरी तीन किलो, साडेचारशे. निळा कमर्शियल सिलिंडर पाच-साडेपाच दिवस चालतो असं धरलं तर रोजचे दोनशे ऐंशी. लसूण, खोबरं, मिरची, आलं, कोथिंबीर, हळद-हिंग मिळून साडेतीनशे. कागद-पिशव्यांचे शंभर. झाले दोन हजार नऊशे तीस. हाताखाली एक पोरगा असतो, त्याचे साडेपाचशे. उरले हजार-वीस रुपये. यातून पाण्याचे, दिव्याचे, रात्री गाडी ठेवायच्या जागेचे, आणि ज्यांचं नाव पाटीवर नसतं पण वाटा ठरलेला असतो त्यांचे पैसे जायचे आहेत. पहाटे चारला उठून बटाटे उकडायला टाकणारी बाई या हिशेबात कुठेच आलेली नाही, कारण ती घरची आहे.

हे आकडे पुन्हा एकदा बघा. तीनशे वडापावांवर दोन रुपये वाढवले तर दिवसाला सहाशे रुपये येतात, म्हणजे त्याच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त. उलट बाजूने, मालाचा खर्च नुसता दहा टक्क्यांनी चढला आणि भाव तोच ठेवला, तर जवळजवळ तीनशे रुपये, म्हणजे दिवसाची जवळपास तीस टक्के कमाई, कढईत जाते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दोन रुपये म्हणजे सुट्ट्यांची कटकट. गाडीवाल्याच्या दृष्टीने मुलाच्या क्लासची फी.

आणि मालाचा खर्च दहा टक्क्यांवर थांबत नाही. आपण खातो त्यातलं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि सूर्यफूल तेल अडकलं. २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली, ती २३ मे रोजी उघडली. त्याच मे महिन्यात मुंबईत एकोणीस किलोचा कमर्शियल सिलिंडर तेवीसशेच्या पुढे गेला होता. डोंबिवलीच्या फलाटाबाहेर कढईसमोर उभ्या असलेल्या माणसाला जकार्ता नकाशावर दाखवता येणार नाही, पण तिथला निर्णय त्याच्या डब्यापर्यंत काही दिवसांत पोचला. १४ सप्टेंबर २०२४ ला शेतकऱ्यांना भाव मिळावा म्हणून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. ऐन गणपतीत. पुढच्या मेअखेरीला ते साडेसोळावर आलं. शेतकऱ्यासाठी घेतलेला निर्णय चूक होता असं मला म्हणायचं नाही. त्याचा भार कोणत्या कढईने उचलला, एवढंच सांगतो आहे.

लसणाचं तर विचारूच नका. २०२४ च्या सुरुवातीला आणि पुन्हा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात किरकोळ बाजारात लसूण चारशे रुपये किलोच्या घरात होता. वडापावचा जीव सुक्या लाल चटणीत असतो आणि त्या चटणीचा जीव लसणात. त्या दिवसांत कुठल्याही गाडीवर जाऊन चटणी नीट चाखली असतीत तर जिभेला फरक कळला असता. लसणाची जागा खोबऱ्याने आणि शेंगदाण्याच्या कुटाने घेतली होती, वर तिखट थोडं जास्त, म्हणजे लसूण आठवू नये. २०२५ मध्ये खोबरंही भडकलं, तेव्हा कुटाचं प्रमाण आणखी वाढलं आणि चटणीचा रंग विटकरीकडे झुकला.

भाव वाढवता येत नसला की तो अशा चोरवाटांनी वाढतो. गोळा दहा ग्रॅमने कमी होतो. पारी जाड होते, कारण बटाट्यापेक्षा बेसनाचा फुगवटा डोळ्याला मोठा दिसतो. तळलेली मिरची 'मागितली तर' मिळू लागते. वड्याचा चुरा, जो पूर्वी चिमटीने पावात पडायचा, त्याची वेगळी पुडी होते आणि तिला किंमत लागते. पाणीपुरीवाला शेवटची सुकी पुरी मात्र कधी बंद करत नाही. तेवढं धाडस अजून कोणी केलेलं मी पाहिलं नाही. बंद केली तर गाडी उलटेल.

या सगळ्या चोरवाटा चालतील. एक चालणार नाही, ती म्हणजे तेलाची. वारंवार तापवलेल्या तेलात जे घटक साठतात त्यांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. मोठ्या हॉटेलांत हे मोजायचं यंत्र असतं. गाडीवर डोळा आणि नाक. तेल काळपट झालं, कढईच्या कडेला चिकट थर धरू लागला, वडा सोडल्यावर फेस लवकर खाली बसेना, की ते तेल संपलं, हे दोन वर्षं गाडीवर काढलेल्या कोणत्याही पोराला कळतं. पण डबा अडीच हजारांच्या घरात गेला की तो पोरगा तेल फेकून देत नाही. त्यात नवं ओततो. भाव न वाढवण्याची किंमत मग गिऱ्हाईकच भरतं, फक्त लगेच नाही आणि रोख नाही.

* * *

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे. भाव चढतो तो उतरत नाही. २०२२ च्या मे महिन्यात तेवीसशेच्या वर गेलेला सिलिंडर २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबईत साडेपंधराशेच्या आसपास होता. पाटीवरचा कागद कोणी उलटा बदलला? कोणीच नाही. कांदा शंभरी गाठतो तेव्हा भजी महागतात. कांदा पंचवीसवर येतो तेव्हा भज्यांचा भाव शंभरच्याच आठवणीत राहतो. गाडीवाल्यांचं यावरचं म्हणणं ठरलेलं असतं. मधल्या दोन वर्षांत जे अंगावर घेतलं ते भरून निघतंय, आणि गॅस उतरला तरी पोराची मजुरी उतरली नाही. त्यात अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे एकदा मिळालेले दोन रुपये कोणी सोडत नाही. आपणही पगारवाढ परत करत नाही.

शिवाय भाव पूर्वी टप्प्याटप्प्याने नाही, उड्यांनी वाढायचा. पाचावरून सात कठीण, कारण सुट्टे कोण देणार? म्हणून थेट दहा, मग पंधरा. दोन उड्यांच्या मधली वर्षं गाडीवाला तोट्यात आणि गिऱ्हाईक खुशीत. उडी मारली त्या दिवशी उलटं. फोनवरून पैसे द्यायची सोय आल्यावर हे बरंच सुधारलं. अठरा, तेवीस असे आडनिडे भाव आता नाक्यावर दिसतात, कारण त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाला सुट्टे लागत नाहीत. एक जुनी सोय मात्र गेली. पूर्वी सुट्टे नसले की 'राहू द्या, उद्या द्या' व्हायचं, आणि त्यात गाडीवाल्याचे दोन रुपये बुडायचे तरी गिऱ्हाईक बांधलं जायचं. आता स्पीकर मोठ्याने आकडा सांगतो आणि व्यवहार तिथेच संपतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर उतरले आणि सणासुदीच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रं भरली. वडापावच्या वाट्याला त्यातलं काय आलं? पावावर आधीही कर नव्हता. सुटा बटाटा करमुक्तच होता. खाद्यतेलावर पाच टक्के होते, ते पाचच राहिले. कमर्शियल गॅसवर अठरा होते, ते अठराच आहेत, आणि गाडीवाला कराच्या जाळ्याबाहेर असल्यामुळे भरलेला कर वळता करून घेण्याची सोय त्याला नाही. पंचतारांकित हॉटेलाच्या स्वयंपाकघरात जो सिलिंडर लागतो तोच याच्या गाडीखाली असतो. घरगुती लाल सिलिंडर वापरला तर गुन्हा, आणि त्यावर कर पाच टक्के.

पावाचं वेगळं प्रकरण शिजतं आहे. मुंबईच्या हवेच्या प्रश्नावर ९ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. जुन्या इराण्यांच्या आणि गल्लीतल्या बेकऱ्यांनी मुदत मागितली, हेलपाटे घातले. हवा स्वच्छ व्हावी याबद्दल वाद असू नये. मीही याच हवेत श्वास घेतो. पण जुन्या फर्निचरच्या लाकडावर भाजलेल्या लादीपेक्षा गॅसवर किंवा विजेवर भाजलेली लादी महाग पडणार, आणि तो फरक बेकरीवाला स्वतः पचवणार नाही. तो लादीवर चढेल, लादीवरून पाटीवर येईल, आणि पाटीखाली उभा असलेला माणूस म्हणेल, "परत?"

* * *

मुंबई महापालिकेने १९७८ पासून फेरीवाल्यांना नवे परवाने देणं जवळजवळ बंद केलेलं आहे. २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या, नगर पथविक्रेता समित्या नेमा, पाहणी झाल्याशिवाय कोणाला उठवू नका, असं त्यात लिहिलं आहे. मुंबईत पाहणी झाली, नव्याण्णव हजारांच्या वर अर्ज आले, आणि छाननीनंतर पात्र ठरले पंधरा हजारांच्या थोडे पुढे. समितीच्या निवडणुकीसाठी ही यादी पुढे बत्तीस हजारांवर नेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मतदान झालं. उरलेले हजारो जण कायद्याच्या भाषेत अतिक्रमण आहेत. त्यातही रस्त्यावर अन्न शिजवणं हा वेगळा दोष, त्यामुळे पालिकेची गाडी आली की कढई, सिलिंडर, घाण्यातले वडे सगळं उचललं जातं.

परवाना नसलेल्या माणसाला भाव वाढवण्याआधी दहा वेळा विचार करावा लागतो. गिऱ्हाईक तुटलं तर दुसरीकडे जाऊन दुकान मांडायची सोय त्याच्याकडे नाही, आणि नाराज गिऱ्हाइकाने एक तक्रार टाकली तर पालिकेची गाडी दुपारीच येते. रिक्षावाल्याला परमिट आहे, बिल्ला आहे, संघटना आहे. फेरीवाल्यांना 'पीएम स्वनिधी' योजनेचं दहा हजारांचं कर्ज जून २०२० पासून मिळू लागलं, २०२५ मध्ये पहिला हप्ता पंधरा हजारांचा झाला. मदत खरी आहे. पण कर्जाने भांडवल मिळतं, जागा मिळत नाही.

खाण्याचा खरा खर्च किती, याचं उत्तर सरकारने स्वतःच देऊन ठेवलेलं आहे. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली, आणि अनुदान थांबल्यावर त्या टपऱ्यांतून दुसरंच काही विकलं जाऊ लागलं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात, दहा रुपयांत. शासनाने तेव्हाच थाळीची किंमत धरली होती शहरात पन्नास रुपये, ग्रामीण भागात पस्तीस. वरची रक्कम तिजोरीतून. म्हणजे साधं जेवण दहा रुपयांत द्यायचं तर शहरात चाळीस रुपये कोणीतरी भरावे लागतात, हे सरकारी कागदावर मान्य आहे. पुढे ते चाळीस रुपये महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी केंद्रचालकांकडून येत राहिल्या. सरकारलाही भरणं जड जातं तो फरक नाक्यावरचा माणूस कसलंही अनुदान न घेता वर्षानुवर्षं भरतो आहे. खासदारांच्या उपाहारगृहातली सवलतसुद्धा जानेवारी २०२१ मध्ये बंद झाली. गाडीवरची सवलत बंद करायला मात्र आपली हरकत आहे.

ज्यांची हरकत रास्त आहे असे लोकही आहेत, आणि ते फारसं बोलत नाहीत. सकाळी नाक्यावर काम मिळेल म्हणून थापी-फावडं घेऊन उभा राहिलेला बिगारी. पुण्यात सदाशिव-नारायण पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, रात्रीची मेस सोडून वडापाववर भागवणारी मुलं. दोन ऑर्डरींच्या मधे बाइकवर बसल्या बसल्या खाणारा डिलिव्हरीवाला. यांच्यासाठी पंधराचे अठरा झाले की दिवसातला एक वडापाव कमी होतो. हे लोक भावावरून वाद घालत नाहीत. पाटीकडे बघतात, खिशातल्या खिशात मोजतात आणि दोनऐवजी एक मागतात. अशांना बरेच गाडीवाले ओळखतात आणि नुसता पाव-चटणी फुकट सरकवतात. ही शेवटची चाळीतली समजूत अजून टिकून आहे. पण या माणसांच्या पोटाची जबाबदारी गाडीवाल्याच्या हजार रुपयांवर टाकणं हे काही धोरण होऊ शकत नाही. त्यांच्यासाठी पन्नास रुपयांची थाळी दहा रुपयांत द्यायची योजना आहे. ती नीट चालवा, तिचे पैसे वेळेवर द्या, आणि केंद्रं कामगार नाक्यांजवळ आणा.

आपल्यासारख्यांनी, म्हणजे हा अंक विकत घेऊन वाचणाऱ्यांनी, भावावरून बोलणं आता थांबवावं. बोलायचंच असेल तर तेलावर बोला. कढईत डोकावून "काका, तेल कधी बदललं?" असं विचारायचा हक्क पूर्ण पैसे देणाऱ्याला असतो. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळू नका असं सांगा, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते केव्हाच बजावलं आहे. आणि महापालिकेची निवडणूक पुन्हा येईलच. तेव्हा तुमच्या प्रभागातले सगळे उमेदवार कॅमेऱ्यासमोर याच गाडीवर वडापाव खायला येतील. त्यांना तिथेच, त्या गाडीवाल्यादेखत विचारा, याला परवाना कधी देणार.